राणीछाप रुपयाचे जादा पैसे कशाचे?

गेल्या दिवाळीच्या थोडे आधी आमच्या परिचयाचे एक निवृत्त गणित शिक्षक रुमालाची पुरचुंडी घेऊन घरी आले. पुरचुंडीत चांदीचे बारा रुपये होते. सहा व्हिक्टोरिया राणीच्या छापाचे, एक सातव्या एडवर्डचा आणि पाच पंचम जॉर्जचे. निवृत्तीनंतर मिळालेल्या पैशांतले थोडे चांदीत ठेवावेत म्हणून गुरुजी एका दुकानात गेले होते. त्यांनी मागितली होती नवी, चोख चांदीची नाणी. दुकानदाराने पुढे केली ही. "नवी काय, केव्हाही मिळतील. ही राणीछाप आहेत, अशी चांदी आता होत नाही," असे सांगून त्याने नाण्यातल्या चांदीच्या जवळजवळ दीडपट पैसे घेतले. घरी मुलाने हिशेब मांडला आणि वाद झाला. गुरुजींचा प्रश्न सरळ होता : "चांदी ती चांदी. मग जुनी म्हणून मी जादा पैसे दिले ते कशाचे? आणि दिले ते बुडाले का?"

रसायनशास्त्राच्या बाजूने पाहिले तर उत्तर एका वाक्यात संपते. चांदीच्या अणूला वय नसते. व्हिक्टोरियाच्या रुपयातला अणू आणि काल वितळवून ओतलेल्या विटेतला अणू यांत काहीही फरक नाही. उलट हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे जुन्या नाण्यावर सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर चढलेला असतो आणि हाताळून ते थोडे झिजलेलेही असते. म्हणजे धातूच्या हिशेबाने जुने नाणे नव्यापेक्षा किंचित कमीच भरायला हवे.

आणि गंमत अशी, की आपल्या देशात कित्येक शतके तसेच मानले जात होते. तेव्हा जादा पैसे नव्या रुपयाला पडत. जुन्याला बट्टा लागे.

बट्टा लागणारा रुपया

एखाद्याच्या नावाला बट्टा लागला असे आपण म्हणतो. तो शब्द आला सराफकट्ट्यावरून. नाणे बदलून घेताना जी रक्कम कापली जाई ती बट्टा. पोतदार, पारखी, नाणावटी, सराफ ही आडनावेही त्याच व्यवहारातली. महसुलात आलेले नाणे पारखून घेणारा तो पोतदार. व्यवहार करताना आधी 'वाजवून घेणे' हाही अक्षरशः नाणे दगडावर आपटून त्याचा आवाज ऐकण्याचाच प्रकार होता. नाण्यात शिसे किंवा कथील मिसळले असेल किंवा ते आतून पोकळ असेल, तर आवाज बद्द येतो. चांगल्या चांदीच्या नाण्याचा आवाज खणखणीत असतो आणि थोडा वेळ टिकतो.

एवढी पारख करण्याची गरज का पडे? कारण तेव्हाचा रुपया म्हणजे मुळात चांदीचे ठरावीक वजन होते. सोळाव्या शतकात शेरशाह सुरीने सुमारे १७८ ग्रेनचा, म्हणजे साडेअकरा ग्रॅमचा, चांगल्या कसाचा रुपया पाडला आणि अकबराने तो पुढे चालवला. 'ऐन-ए-अकबरी'त अबुल फझलने टांकसाळीतल्या कारागिरांचे आणि कामाचे तपशीलवार वर्णन केले आहे. झिजलेल्या नाण्यातून किती वजावट करायची याचे नियमही त्यात आहेत. टांकसाळीचा छाप म्हणजे 'या तुकड्यात इतकी चांदी आहे' असा दाखला. दाखला ताजा असेल तोवर त्यावर विश्वास. नाणे चार हातांतून फिरले, कोणी त्याची कड कातरली, कोणी तपासणीसाठी त्यावर छिन्नीचा घाव घातला, की दाखल्याचा भरवसा कमी होत जाई. सतराव्या शतकात हिंदुस्थानात अनेक वेळा येऊन गेलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निए याने आपल्या प्रवासवर्णनात व्यापाऱ्यांना बजावले आहे, की सौदा करतानाच नव्या रुपयांत पैसे घेण्याचे ठरवा, नाहीतर जुने रुपये गळ्यात पडतील. (याच ताव्हर्निएने इथल्या सराफांबद्दल आणखी एक मजेदार नोंद केली आहे. कसोटीच्या दगडावर घासून राहिलेले सोन्याचे कण ते डांबर आणि मेणाच्या गोळीने टिपून घेत. काही वर्षांनी गोळी जाळली की सोने हाती येई.)

आता बंगालमधला अठराव्या शतकातला हिशेब पाहा. तिथे हिशेबापुरते एक काल्पनिक 'चलनी' रुपयाचे माप मानत. टांकसाळीतून नुकत्याच निघालेल्या शंभर सिक्का रुपयांचे ११६ चलनी रुपये धरत. दुसऱ्या वर्षी त्याच शंभर रुपयांचे ११३ होत. तिसऱ्या वर्षापासून पुढे १११. अशा जुन्या रुपयाला 'सनवात' म्हणत. बादशहाच्या राज्यारोहणाचे कितवे वर्ष आहे ते रुपयावर छापलेले असल्याने नाण्याचे वय लपवता येत नसे.

हे आकडे विद्यार्थ्यांसमोर ठेवून एक प्रश्न विचारण्यासारखा आहे. दोन वर्षांत ११६ चे १११ झाले, म्हणजे किंमत ४.३ टक्क्यांनी घटली. नाणे खरोखरच इतके झिजते का? इंग्रज अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्स याने १८६८ साली इंग्लंडमधल्या सोन्याच्या सॉव्हरिन नाण्यांची वजने त्यांच्या सालांशी ताडून पाहिली. १२३.२७ ग्रेनचे नाणे वर्षाला सरासरी ०.०४३ ग्रेन झिजते असे त्याला आढळले. टक्केवारीत मांडले तर दोन वर्षांत ०.०७ टक्के. मुघल रुपयाची चांदी बरीच चोख, म्हणून मऊ. ती याहून जास्त झिजेल हे मान्य. पण साठ पट?

तेव्हा तो बट्टा मुख्यतः झिजेचा नव्हता. नवे नाणे पाडून घ्यायला टांकसाळीत शुल्क द्यावे लागे, आणि जुन्याची किंमत दरवर्षी पाडली तरच लोक ते पुन्हा टांकसाळीत आणत. महसूल नव्या सिक्क्यातच भरावा अशी अट असली की वसुलीच्या हंगामात नव्या नाण्याची मागणी आपोआप वाढे. मुर्शिदाबादच्या टांकसाळीवर जगतशेठ घराण्याचा ताबा होता आणि या उलाढालीत त्याला मोठा फायदा होई. बट्टा कापला जाई तो शेवटी शेतकऱ्याचा, कारण त्याच्याकडे आलेला रुपया जुनाच असे आणि त्याच्याकडून मागितला जाणारा नवा.

महाराष्ट्रातही याहून फार वेगळे नव्हते. पेशवाईत टांकसाळी बऱ्याचदा सोनार-सराफांना कौलाने दिलेल्या असत. अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही असे नाना तऱ्हेचे रुपये बाजारात फिरत आणि प्रत्येकाचा दुसऱ्याशी बट्टा वेगळा. आज परगावी जाताना आपण नोटा मोजून घेतो. तेव्हा कोणता रुपया कुठे चालतो याची चौकशी आधी करावी लागे.

वय पुसून टाकण्याची युक्ती

बंगालमध्ये ईस्ट इंडिया कंपनीने या घोळावर एक साधा उपाय केला. तिने नाण्यावरचे साल गोठवले. शाहआलम बादशहाच्या राज्यारोहणाचे १९ वे वर्ष उलटून कितीतरी काळ गेला, तरी कंपनीच्या सिक्क्यावर 'सन १९'च छापत राहिले. नाणे दोन वर्षांचे की वीस वर्षांचे हे नुसते बघून कळेनासे झाले की वयाच्या नावाखाली बट्टा मागायला आधार उरत नाही. मला ही युक्ती फार आवडते. तिने नाण्याचे वय कमी केले नाही, फक्त त्याबद्दलची माहिती काढून घेतली. आणि तेवढ्याने किमतीवर परिणाम झाला.

कायमचा बंदोबस्त झाला १८३५ साली. त्या वर्षीच्या कायद्याने कंपनीच्या साऱ्या मुलखासाठी एकच रुपया ठरला : वजन १८० ग्रेन (११.६६ ग्रॅम), त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी, एक भाग हीण. म्हणजे १६५ ग्रेन, आजच्या मापात १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी. या सुधारणेमागे ज्यांचे काम होते त्यांत जेम्स प्रिन्सेप हे नाव ठळक आहे. सम्राट अशोकाच्या शिलालेखांची ब्राह्मी लिपी उलगडणारा म्हणून आपण त्याला इतिहासाच्या पुस्तकात भेटतो. पण त्याची नोकरी टांकसाळीत कस तपासणाऱ्या अधिकाऱ्याची होती, आधी बनारसला आणि मग कलकत्त्याला. ग्रेनच्या तीन सहस्रांशापर्यंत, म्हणजे सुमारे ०.१९ मिलिग्रॅमपर्यंत, फरक दाखवणारा तराजू त्याने बनवला होता.

रुपयाचे वजन आणि तोळा एकच केल्यामुळे रुपया हे घरोघरचे वजनही झाले. ८० तोळ्यांचा शेर, म्हणून ८० रुपये तागडीत टाकले की शेर. 'रुपयेभार' हा शब्द त्यातूनच रूढ झाला.

चोख चांदी न घेता तांबे का मिसळले, हेही इथेच सांगून टाकू. शुद्ध चांदीत अणूंचे थर एकमेकांवरून सहज सरकतात, म्हणून ती मऊ असते. तांब्याचा अणू चांदीच्या अणूपेक्षा लहान. तो मधे आला की थरांचे सरकणे अडते आणि धातू कडक होतो. बाराव्या भागाइतके तांबे पुरे होते.

या रुपयाने बट्टा संपवला. आता नाणे तोलायचे नव्हते, मोजायचे होते. आणि एक गोष्ट नीट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण गुरुजींना दुकानात नेमके हेच चुकीचे सांगितले गेले होते. राणीछाप रुपयाची चांदी जास्त चोख, हा समज अनेकांच्या तोंडी आहे. पण चौथा विल्यम, व्हिक्टोरिया, सातवा एडवर्ड, पंचम जॉर्ज, आणि १९४० पूर्वीचा सहावा जॉर्ज, या सर्वांच्या रुपयाचा कस एकच होता : बारात अकरा. राजे बदलले, चांदी बदलली नाही.

रुपया एकीकडे, चांदी दुसरीकडे

१८९३ पर्यंत कोणीही टांकसाळीत चांदी नेऊन, शुल्क भरून, रुपये पाडून घेऊ शकत असे. त्यामुळे रुपया आणि त्यातली चांदी यांची किंमत एकमेकांना धरून राहायची. पण १८७० नंतर जर्मनीने सुवर्णचलन स्वीकारले, अमेरिकेतल्या खाणींतून चांदीचा पूर आला आणि चांदीचा भाव घसरत गेला. पूर्वी दोन शिलिंगांचा असलेला रुपया सव्वा शिलिंगाच्या आसपास आला. लंडनला सोन्यात देणी देणाऱ्या सरकारने १८९३ साली टांकसाळी जनतेसाठी बंद केल्या आणि पुढे रुपयाचा दर एक शिलिंग चार पेन्सवर स्थिर केला. आता रुपया त्यातल्या चांदीपेक्षा महाग झाला. खोटे नाणे पाडणाऱ्याने प्रामाणिकपणे पूर्ण चांदी घातली तरी त्याला नफा उरावा, अशी ही विचित्र अवस्था होती.

पहिल्या महायुद्धात पारडे उलटे फिरले. एक शिलिंग चार पेन्स म्हणजे सोळा पेन्स. लंडनच्या बाजारात चांदी औंसाला ४३ पेन्सच्या वर गेली, की रुपयातली चांदीच सोळा पेन्सहून महाग होते. तसे झाले. रुपये वितळवले जाऊ लागले, म्हणून १९१७ साली त्यावर बंदी आली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात एक रुपयाची पहिली नोट निघाली. तरीही चांदी पुरेना. तेव्हा अमेरिकेने १९१८ च्या पिटमन कायद्याखाली आपल्या तिजोरीतले पंचवीस कोटींहून अधिक चांदीचे डॉलर वितळवून ती चांदी इंग्लंडमार्फत हिंदुस्थानासाठी विकली. १९१८ या सालाचे सुमारे ४१ कोटी रुपये पाडले गेले. तुमच्या घरात १९१८ चा रुपया असेल तर त्यातली थोडी चांदी कदाचित एके काळी अमेरिकन डॉलर असेल. १९२० च्या फेब्रुवारीत चांदी औंसाला ८९॥ पेन्सपर्यंत चढली आणि सरकारला रुपयाचा दरही वर न्यावा लागला. पुढे दोन्ही खाली आले.

दुसऱ्या महायुद्धाने या रुपयाचा शेवट केला. १९४० च्या जूनमध्ये फ्रान्स पडल्याची बातमी आली आणि लोक नोटा देऊन चांदीचे रुपये घेण्यासाठी धावले. सरकारने गरजेपेक्षा जास्त नाणी साठवणे हा गुन्हा ठरवला आणि त्याच वर्षी चौमिश्र रुपया आणला : ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबे, ५ टक्के निकेल, ५ टक्के जस्त. जुने अकरा भाग चांदीचे रुपये १९४१ ते १९४३ या काळात टप्प्याटप्प्याने चलनातून रद्द झाले. १९४७ चा रुपया तर निव्वळ निकेलचा; लोहचुंबकाला चिकटतो, वर्गात करून दाखवता येते. युद्धकाळात अमेरिकेकडून उसनी घेतलेली चांदी परत करण्यासाठी स्वतंत्र भारताने ते चौमिश्र रुपये गोळा केले आणि कलकत्त्याच्या अलीपूर टांकसाळीत त्यांतून चांदी वेगळी केली. कालचक्र पाहा : एकदा डॉलरचे रुपये झाले, एकदा रुपयांची चांदी अमेरिकेला गेली.

म्हणजे आज दुकानात दिसणारे राणीछाप रुपये हे मुख्यतः ज्यांनी सरकारजमा केले नाहीत, त्यांच्या मडक्यांतले आणि पेट्यांतले. (जमिनीत सापडलेल्या मडक्याची गोष्ट वेगळी. १८७८ च्या गुप्तधन कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडले तर जिल्हाधिकाऱ्याला कळवावे लागते.)

मग जादा पैसे कशाला द्यायचे?

आता गुरुजींच्या प्रश्नाकडे येऊ. चांदीच्या नाण्याची किंमत तीन गोष्टींची मिळून होते. पहिली आतल्या धातूची. दुसरी खात्रीची, म्हणजे तपासणीचा खर्च वाचवल्याबद्दलची. तिसरी दुर्मिळतेची. यांतल्या एकीतही वय थेट येत नाही.

धातूची किंमत काढताना बहुतेकांची एक चूक होते. रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम, म्हणून तेवढी चांदी धरतात. चांदी आहे १०.६९ ग्रॅम. त्या दिवशीच्या शुद्ध चांदीच्या ग्रॅमच्या भावाला १०.६९ ने गुणावे. नाणे झिजलेले असेल तर प्रत्यक्ष वजन करून त्याचे ११/१२ घ्यावेत. १९४० ते १९४५ या सालांच्या चौमिश्र रुपयात फक्त ५.८३ ग्रॅम चांदी असते.

खात्रीच्या किमतीत पूर्वी जुन्या नाण्याचा तोटा होता, आज थोडा फायदा आहे. ज्याचा कस आणि वजन कायद्याने ठरले होते आणि जे कोट्यवधींच्या संख्येने पाहिले गेले आहे, असे नाणे ओळखणे सराफाला सोपे जाते. दिवाळीत मिळणारे लक्ष्मीचे नाणे कोणी, किती कसाचे बनवले हे परत विकताना पुन्हा विचारले जाते आणि घडणावळ तर बुडतेच. या सोयीसाठी मूठभर टक्के जादा देणे मला वावगे वाटत नाही. पण मूठभरच. आणि राणीछाप रुपयाची नक्कल आज इतकी होते, की न तपासता ही किंमत देणे म्हणजे नसलेल्या खात्रीचे पैसे देणे.

दुर्मिळतेचे आणि वयाचे तर मुळीच सख्य नाही. १९१८ चा रुपया १९३९ च्या रुपयापेक्षा एकवीस वर्षांनी जुना. पण १९१८ चे कोट्यवधी पाडले गेले, आणि १९३९ च्या सालाचे अकरा भाग चांदीचे इतके थोडे उरले, की संग्राहक त्याला लाखांत मोजतात. १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया दुसऱ्या कारणाने प्रसिद्ध आहे. राजाच्या झग्यावरच्या साखळीतला हत्ती आखूड सोंडेमुळे डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली, रुपया मागे घेतला गेला आणि पुढच्या वर्षी हत्ती सुधारून काढला. लोक त्याला 'डुकराचा रुपया' म्हणतात. बहुतेक नाणी बाहेर पडण्याआधीच वितळवली गेली, म्हणून त्याला थोडी जादा किंमत येते. आणि १८६२ च्या रुपयाबद्दल एक सावधगिरी : इंग्रजांनीही गोठवलेल्या सालाचा प्रकार केला होता. १८७४ च्या सुमारापर्यंत पाडलेल्या रुपयांवर १८६२ हेच साल आहे. त्यामुळे '१८६२ चे नाणे' म्हणून दाखवलेले प्रत्यक्षात दहा-बारा वर्षे तरुण असू शकते.

हा प्रश्न आपल्यापुरता नाही. अमेरिकेची टांकसाळ १९८६ पासून एक ट्रॉय औंस (३१.१ ग्रॅम) चोख चांदीचे 'ईगल' नाणे दरवर्षी काढते. चांदी तीच, चित्रही बराच काळ तेच. पण १९९६ साली ती फक्त ३६ लाख निघाली, तर २०१५ मध्ये चार कोटींहून जास्त. म्हणून १९९६ च्या नाण्याला तिथले लोक बरेच जादा देतात, आणि त्याच्या आधीच्या, म्हणजे अधिक जुन्या, कित्येक सालांना नाममात्र. शिवाय दुर्मिळतेची ही किंमत नाण्याच्या पृष्ठभागावर बसलेली असते. घरात चिंच लावून, राखेने घासून चकचकीत केलेल्या किंवा माळेत ओवण्यासाठी कडी डाखलेल्या रुपयाला संग्राहक तोंड फिरवतो. सराफाच्या तराजूला मात्र त्याचे काही नसते.

चांदीत पैसे ठेवायचे असतील तर चांदीचेच द्यावेत, असे माझे मत मी गुरुजींना सांगितले. दुर्मिळ नाणे घ्यायचे तर ते छंद म्हणून, आणि विकणाऱ्याइतकी माहिती झाल्यावर.

पाण्यातले उत्तर

बोलता बोलता ठरले, की निदान चांदी खरी आहे का ते तरी पाहू. आम्ही जवळच्या शाळेच्या प्रयोगशाळेत गेलो. ०.०१ ग्रॅमपर्यंत वाचणारा काटा तिथे होता. कृती कोणत्याही शाळेत करता येईल. आधी कोरड्या नाण्याचे वजन करा. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून वाचन शून्यावर आणा. नाणे बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा कडेला टेकणार नाही असे धरा. नाण्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे झटकून टाका. आता काटा जे दाखवतो ते नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन, म्हणजेच घन सेंटिमीटरमध्ये नाण्याचे आकारमान. कोरड्या वजनाला त्याने भागले की घनता. आर्किमिडीजचीच पद्धत, फक्त टबाऐवजी पेला.

किती यायला हवी? चांदीची घनता १०.४९, तांब्याची ८.९६. एक ग्रॅम मिश्रधातूचे आकारमान (०.९१७ ÷ १०.४९) + (०.०८३ ÷ ८.९६) = ०.०९६७ घन सेंमी. म्हणून घनता सुमारे १०.३. पूर्ण वजनाचा रुपया पाण्यात १.१३ ग्रॅम दाखवेल. तोच हिशेब चौमिश्र रुपयाला केला तर घनता ९.५ आणि वाचन १.२२ येते. नकली रुपये बऱ्याचदा जर्मन सिल्व्हरचे असतात. नावात सिल्व्हर असले तरी ते तांबे, निकेल आणि जस्त यांचे मिश्रण. त्यात चांदीचा कणही नाही. त्याची घनता ८.७ च्या आसपास, वाचन सुमारे १.३४. फरक ग्रॅमच्या पाचव्या भागाएवढा, पण काट्याला तो स्पष्ट दिसतो. काटा तितका बारीक नसेल तर एका सालाची दहा नाणी एकदम बुडवावीत. अर्थात या एका परीक्षेवर विसंबू नये. शिशाचे प्रमाण जुळवून घनता फसवता येते. पण मग आवाज बद्द येतो. म्हणून पाणी आणि कान, दोन्ही वापरावेत.

गुरुजी स्वतः वाचने घेत होते आणि वहीत मांडत होते. १.१३, १.१२, १.१३, १.११... झिजलेल्या एडवर्डचे वजनच ११.४ ग्रॅम होते, त्याचे आकारमानही त्या मानाने कमी भरले, घनता बरोबर आली. राणीछाप सहांपैकी चार ठीक निघाली. उरलेल्या दोघांवर १८६२ साल होते. एकाचे वाचन १.३३, दुसऱ्याचे १.३५. टेबलावर टाकून वाजवली, तर या दोन्हींचा आवाज इतर दहांपेक्षा वेगळा होता, हे आता सगळ्यांनाच ऐकू आले. दुकानात कोणी वाजवून पाहिले नव्हते.

खऱ्या दहांत माळेतून सुटलेले एक होते. पाठीवर डाखाचा पुसट डाग, राजाचा चेहरा घासून सपाट. संग्राहकाच्या लेखी सर्वांत कमी किमतीचे आणि दुकानदाराने त्यालाही तेवढेच जादा लावले होते. हिशेब पूर्ण केला तेव्हा कळले, की दहा नाण्यांतली चांदी शाबूत आहे, वरचे जादा पैसे परत मिळण्याची आशा फारशी नाही आणि दोन नाण्यांचे सगळेच गेले.

दुसऱ्या दिवशी गुरुजी दुकानात जाऊन आले. आकड्यांची वही पाहिल्यावर दुकानदार ती दोन नाणी बदलून द्यायला तयार झाला. गुरुजींनी पैसे घेतले नाहीत, नाणीही दिली नाहीत. आता ती शाळेच्या कपाटात, चुंबकाला चिकटणाऱ्या निकेलच्या रुपयाशेजारी, एका डबीत असतात. नववीला घनतेचे प्रात्यक्षिक असते त्या दिवशी गुरुजी आपली दहा नाणी घेऊन येतात, ही दोन त्यांत मिसळतात आणि मुलांपुढे पेला ठेवतात.